पिंजाऱ्याच्या उंच पोरी

साखरखेर्ड्यात अब्दुल गनी पिंजाऱ्याचं घर कुणाला विचारावं लागत नसे. ज्या घराच्या दारातून माणसं मान वाकवून बाहेर पडताना दिसतील, ते त्याचं. तो स्वतः सहा फुटांच्या वर होता. बायको जहांआरा त्याच्या कोपरापर्यंत यायची. पोरी दोन, थोरली सफा आणि तिच्या पाठची नाजिश, आणि दोघीही बापावर गेलेल्या. खांद्यावर धनुष्यासारखी धुनकी टाकून अब्दुल गनी गावोगाव फिरे, लोकांच्या अंगणात बसून जुना कापूस पिंजून द्यायचा, गाद्या-रजया भरून द्यायचा. लग्नसराईत त्याला जेवायला सवड नसायची.

मग त्या भागात बीटी कपाशी आली आणि तिच्यामागोमाग बियाण्याचे प्लॉट आले. कंपन्या शेतकऱ्याकडून बियाणं तयार करून घेत. त्याचं सगळं काम हाताचं, आणि तेही पोरींच्या हाताचं. दुपारी उद्या उमलणारी कळी हेरायची, नखानं तिची पाकळी सोलायची आणि आतले परागाचे दाणे अलगद काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग त्या कळीला लावायचा. शाळा सांभाळून सफा आणि नाजिश आईबरोबर या कामाला जात. सफाचं बोट झरझर चाले. तिच्या हातून कळी कधी मोडली नाही. नाजिशच्या हातून मात्र रोज मोडत. दिवसभर वाकून तिची कंबर भरून यायची, ती मधेच ताठ उभी राहायची आणि मुकादम लांबून ओरडायचा, "ए उंटीन, खाली बस."

नाजिश सातवीत आणि सफा नववीत असताना शाळेचा व्हॉलीबॉलचा संघ जिल्हा स्पर्धेला बुलढाण्याला गेला. संघ पहिल्याच सामन्यात हरला. पण जाळ्यापाशी उड्या मारणाऱ्या त्या दोन पोरींवर पद्मजा मॅडमची नजर गेली. पद्मजा मॅडम चिखलीच्या एका शाळेत खेळ शिकवायच्या. तरुणपणी विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळलेल्या होत्या, आणि पुढे काही घडलं नाही याची सल त्यांच्या मनात होती. पुढच्याच रविवारी एसटी पकडून त्या साखरखेर्ड्याला आल्या आणि दोन्ही पोरी मागितल्या. आपल्या घरी ठेवीन, चिखलीच्या शाळेत घालीन, खेळ शिकवीन, असं म्हणाल्या.

अब्दुल गनीनं नाही म्हटलं नाही. चहाचा कप हातात धरून तो बायकोकडे बघत राहिला. घर चालायचं ते आता निम्मं प्लॉटवर. रोख बोलली ती जहांआराच. दोघी गेल्या तर मी एकटी प्लॉटवर काय करू, एक न्या, म्हणाली. कोणती न्यायची हे पद्मजा मॅडमना विचारलं असतं तर त्यांनी सफाचं नाव घेतलं असतं. तिची उडी जास्त होती आणि चेंडूवरची नजरही. पण विचारलं कुणी नाही. सफा कामाची होती, म्हणून ती राहिली. नाजिशच्या हातून कळ्या मोडत होत्या, म्हणून ती गेली.

निघायच्या दिवशी सफानं तिच्या केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या.  मग ओढणी डोक्याला गुंडाळून प्लॉटवर गेली.

चिखलीचं घर ब्राह्मणाचं. पद्मजा मॅडमचे यजमान भालचंद्र काका तहसीलमध्ये कारकून होते, सकाळी सोवळ्यात पूजा करायचे. पहिले काही दिवस नाजिशचं ताट ओसरीवर मांडलं जाई. ती खाली मान घालून जेवायची आणि ताट स्वतः घासायची. एका रात्री काकांनी जेवायला बसताना स्वयंपाकघरात आपल्या शेजारी आणखी एक पाट ठेवला आणि तिला हाक मारली. त्यावर त्या घरात कधी चर्चा झाली नाही. पण नाजिशला त्या घरात बराच काळ भीती वाटत राहिली. इथून परत पाठवलं तर आपण कुठल्याच कामाच्या नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या भीतीनंच ती खेळ शिकली. शाळेमागं सिमेंटचं मैदान होतं, दोन खांब, आणि त्यातल्या एकाची फळी तडकलेली. शाळेआधी तास, शाळेनंतर अंधार पडेपर्यंत. इतर पोरी थकल्या की बसायच्या. ही बसायची नाही, कारण बसलेली दिसली तर मॅडमना वाटेल की हिला जमणार नाही. रिंगखाली उभं राहून परतलेला चेंडू झेलायचं काम तिनं असं अंगी मुरवून घेतलं, की चेंडू फळीला लागायच्या आत तिचे पाय योग्य जागी गेलेले असत.

ईदला घरी गेली तेव्हा मॅडमनी दिलेला चेंडू तिनं सोबत नेला. मशिदीमागच्या मोकळ्या जागेत सफानं तो तिच्याकडून घेतला, दोनचारदा आपटून बघितला, आणि मग सगळी दुपार परत दिला नाही. नाजिश अडवायला पुढं यायची आणि सफा हसत हसत डावीकडून निघून जायची. दर वेळी डावीकडूनच, आणि दर वेळी नाजिश चुकायची. संध्याकाळी चिखलीच्या जीपमध्ये बसताना नाजिशनं चेंडू मागून घेतला. चिखलीत तिनं त्या दुपारचं कुणाला सांगितलं नाही.

जिल्हा झाला, अमरावती विभाग झाला, आणि राज्याच्या निवडीसाठी ती पुण्याला गेली. तिथं सरावाच्या सामन्यात तिला कुणी चेंडू देईना. प्रशिक्षकानं विचारलं, उभी का राहिलीस? ती म्हणाली, "थे मले बॉल देऊनच नाही राह्यली." सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. मग दिवसभर कुणी ना कुणी मागून "मले मले" करत राहिलं. त्यानंतर नाजिशनं मैदानावर तोंड उघडलं नाही. बास्केटबॉलमध्ये बचावात सतत बोलावं लागतं, मागून कोण येतंय, कुणी कुणाला धरायचं, हे ओरडून सांगावं लागतं. मुकी खेळाडू कितीही उंच असली तरी संघाच्या उपयोगाची नसते. तिचं नाव यादीत आलं नाही.

परतल्यावर पद्मजा मॅडमनी तिला जवळ घेतलं नाही की समजूत घातली नाही. मैदानाच्या कडेनं जिनिंगकडे जाणारा रस्ता होता, कापसाचे ट्रक घरघरत जायचे. मॅडम तिला ऐन ट्रक जाताना रिंगखाली उभी करायच्या, स्वतः लांब टोकाला जायच्या आणि म्हणायच्या, मला ऐकू आलं पाहिजे. कोणत्या भाषेत ते तुझं तू बघ. ती ओरडायला लागली, "आली वं मांगून! डावीकडं धर वं!" पुढच्या वर्षी राज्याच्या संघात तिची निवड झाली, आणि शिबिर संपेपर्यंत पुण्याच्या पोरीही बचावात "मांगून आली वं" ओरडू लागल्या.

तिथून पुढं वर्षं भराभर गेली. सब-ज्युनिअर, ज्युनिअर, नागपूरचं वसतिगृह, तिथल्या क्लबचा संघ. वर्तमानपत्रात बारीक अक्षरात नाव येऊ लागलं, मग जरा मोठ्या अक्षरात. पण वर चढताना माणसाला मोकळं वाटतं म्हणतात, तसं तिला कधी वाटलं नाही.  प्रत्येक निवडीच्या आदल्या दिवशी एकच विचार मनात येई, या खेपेला आपण गळलो तर जायचं कुठं?

घरी जावं तर घर दरवेळी आणखी खचलेलं. ओळीनं दुष्काळाची वर्षं आली. ज्या घरात कापूस पिकतो त्या घरातही गादी भरून घ्यायची ऐपत राहिली नाही, आणि ज्यांची होती ते चिखलीहून फोमच्या तयार गाद्या आणू लागले. आयुष्यभर कापसाची धूळ गिळून अब्दुल गनीची छाती भरली होती. दहा पावलं चालला की तो भिंतीला हात लावून उभा राही. धुनकी खुंटीला टांगलेली असायची.

सफाचं लग्न जमत नव्हतं. पाहुणे यायचे, चहा घ्यायचे, पोरगी उभी राहिली की नवरदेव मान वर करून बघायचा, आणि मग निरोप येत नसे. ज्या उंचीनं एका बहिणीला गावाबाहेर नेलं, त्याच उंचीनं दुसरीला घरात बसवलं. सफानं त्याची तक्रार केली नाही. ती प्लॉटवर जायची, वेचणीला जायची, निंदणीला जायची. नाजिशच्या सामन्याच्या बातम्या कुणी वाचून दाखवल्या तर काम न थांबवता ऐकायची.

व्यावसायिक लीग सुरू झाली ते बोंडअळीचं वर्ष. विदर्भाच्या नावानं जो संघ निघाला त्यात नाजिशला घेतलं. संघ विकत घेतला होता पिकांची औषधं विकणाऱ्या एका कंपनीनं, आणि कंपनीचं नाव जर्सीवर छातीभर छापलेलं. सामने टीव्हीवर दिसत. नाजिश अशी खेळली की पहिल्या काही आठवड्यांतच रस्त्यात पोरी तिला ओळखून थांबू लागल्या. संघ पुण्यात अंतिम सामन्यापर्यंत पोचला.

त्या पावसाळ्यात कपाशी कधी नव्हे इतकी वाढली होती. माणसाच्या डोक्यावर गेली होती. अळी काही हटेना, म्हणून शेतकरी दोनतीन औषधं एकत्र करून फवारत होते. उंच पिकात फवारताना औषध उलटं अंगावरच पडायचं. जिल्ह्याजिल्ह्यांतून फवारणारी माणसं दवाखान्यात भरती होत होती, आणि गडी या कामाला येईनासे झाले. सफा ज्यांच्या शेतात जायची त्या रामरावांनाही गडी मिळेना. ते सफाला म्हणाले, तू उंच आहेस, तुझा हात पिकाच्या वर जाईल, तूच मार. मजुरी नेहमीपेक्षा जास्त होती, आणि घरात बापाला इनहेलर लागत होता. सफानं बापाचा जुना सदरा घातला, तोंडाला ओढणी बांधली आणि पाठीवर पंप घेतला.

नाजिशला हे काही ठाऊक नव्हतं. अंतिम सामन्याच्या आदल्या सकाळी हॉटेलात नाश्ता करताना पद्मजा मॅडमचा फोन आला. सफा शेतात पडली. तोंडाला फेस, श्वास घेता येईना. आधी चिखलीला नेलं, मग बुलढाण्याला, आता औरंगाबादच्या वाटेवर गाडीत आहोत. श्वासाचं मशीन हवं आणि कुठंच मोकळं नाही, सगळीकडे फवारणीचेच रोगी. मॅडम हे सगळं एका दमात बोलल्या.

नाजिशनं खोलीत जाऊन बॅग भरली आणि ती संघाच्या मॅनेजरपुढं जाऊन उभी राहिली. विहंग त्याचं नाव. नागपूरचाच, तिच्याहून फार मोठा नाही, स्वभावानं वाईट नाही. तो लगेच मालकाशी बोलायला बाहेर गेला. बराच वेळ गेला. परत आला तेव्हा म्हणाला, काम झालं, औरंगाबादच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात मशीनचा बेड मिळाला, मालकांनी स्वतः फोन केला, तुझ्या बहिणीला तिथंच न्यायला सांग. नाजिश खुर्चीवर बसली.

विहंग मग खिडकीकडं बघत म्हणाला, "साहेबांचं एवढंच म्हणणं आहे की उद्या तू खेळावंस. आणि हे औषधाचं वगैरे पेपरवाल्यांजवळ बोलू नये. अट नाही ही, विनंती आहे."

अट काय असते हे तिला कळत होतं. तिनं पद्मजा मॅडमना दवाखान्याचं नाव कळवलं, आणि सगळे तिथं पोचल्यावर पुन्हा फोन लावून विचारलं, "मॅडम, मी काय करू?"

 मॅडम म्हणाल्या, "मी तुला खेळ म्हणणार नाही आणि ये असंही म्हणणार नाही. तिला आत्ताच मशीन लावलंय. तू निघून आलीस तर ते मशीन राहील की जाईल, मला सांगता येत नाही."

नाजिशनं बॅग उघडली आणि बूट बाहेर काढले.

तो सामना ज्यांनी टीव्हीवर बघितला ते आजही सांगतात की तशी खेळाडू त्यांनी बघितली नव्हती. तिला स्वतःला त्यातलं फार आठवत नाही. एवढंच आठवतं की शिट्टी वाजली की ती बाकाकडे बघायची, विहंगच्या हातातल्या फोनकडे.  समोरच्या संघाची सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी, तिच्याहून उंच आणि जाड होती. तिला अडवता अडवता नाजिशचे चार फाऊल झाले. पाचवा झाला की मैदानाबाहेर. आणि तिच्या डोक्यात बसलं होतं की आपण बाहेर बसलो तर सफाचं मशीन निघेल. असं कुणी म्हटलं नव्हतं. पण त्या घडीला तिला त्याहून खरं दुसरं काही वाटत नव्हतं.

म्हणून उरलेला सगळा वेळ ती हात वर करून, समोरचीला स्पर्श न करता खेळली. ती बाई खांद्यानं ढकलायची, कोपर बरगडीत मारायची, आणि नाजिश हात खाली येऊ द्यायची नाही. डोळ्यांत घाम उतरला तरी पुसायला हात खाली नाही. शेवटी नाजिश चेंडू टाकायला उडाली तेव्हा त्या बाईचाच तोल गेला, ती नाजिशच्या अंगावर आदळली, आणि नाजिशला दोन फ्री थ्रो मिळाले, कुणी न अडवता टाकायचे. गुण बरोबरीत होते. सगळं स्टेडियम उभं होतं. तिनं खाली बघितलं तर घामानं जर्सी अंगाला चिकटली होती आणि कंपनीचं नाव श्वासाबरोबर वरखाली होत होतं. तिनं पहिला फेकला, तो रिंगमध्ये गेला. दुसराही गेला. मग चेंडू परत त्यांच्याकडं, त्यांचा शेवटचा नेम फळीला लागून परत आला, आणि तो तिच्या हातात होता.

संघ जिंकला. स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू म्हणून तिच्या हातात करंडक दिला. माईक पुढं करून कुणीतरी विचारलं, हे यश कुणाला अर्पण? कॅमेऱ्याच्या मागं मालक उभे होते. ती म्हणाली, "घरच्यांना." बस, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती औरंगाबादला पोचली. अतिदक्षता विभागाच्या दारात जहांआरा जमिनीवर बसलेली, अब्दुल गनी भिंतीला टेकून, ओठ हलत होते, दुआ चालली असावी. काचेतून सफा दिसली. पलंग तिला आखूड पडला होता, पावलं बाहेर आली होती. तोंडात नळी. नाजिशनं काचेला कपाळ टेकलं. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, तुम्ही काल टीव्हीवर होत्या ना? दुसऱ्या रोग्यांचे नातेवाईक, एक वॉर्डबॉय, दोन नर्स. फोटो पाहिजे होता. तिला नाही म्हणता आलं नाही. आपल्या बहिणीच्या दाराशी उभी राहून तिनं सगळ्यांबरोबर फोटो काढले, आणि एकाच्या म्हणण्यावरून हसलीसुद्धा.

सफा वाचली. मशीन निघालं, बोलायला लागली, आणि घरी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं निभावलं. मग काही आठवड्यांनी तिचे पाय गळायला लागले. पावलं उचलेनात. विषाचा असा मागाहूनही परिणाम होतो, डॉक्टर म्हणाले. हळूहळू सुधारेल, पूर्ण सुधारेल असं नाही. सफा काठी घेऊन पाय ओढत चालू लागली.

ती दवाखान्यात असतानाच विहंग जाहिरातीचा करार घेऊन आला होता. बेड अजून त्यांचाच होता. नाजिशनं वाचलं नाही, सही केली. नागपुरात एका मोठ्या खोलीत दिव्यांच्या झोतात तिला उभं केलं, एका हातात चेंडू, दुसऱ्यात औषधाची बाटली. पुढच्या पेरणीच्या तोंडावर चिखलीच्या बाजाराशी, मेहकरच्या रस्त्याला, देऊळगावराजाच्या नाक्यावर तिची घराएवढी चित्रं लागली. वर लिहिलं होतं, 'उंच पीक, उंच झेप'.

सफाला पायांच्या व्यायामासाठी चिखलीला न्यावं लागे. जीप बाजारापाशी अडली तेव्हा तिनं वर बघितलं. बराच वेळ बघत राहिली. नाजिश शेजारीच होती.

"आपा, थे औषध होतं काय तुह्या पंपात?" नाजिशनं विचारलं. इतके महिने हे विचारायचं तिला धाडस झालं नव्हतं.

"तीन डबे होते," सफा म्हणाली. "हा होता का नव्हता, मले नाही आठवत." मग म्हणाली, "मी गेली असती तं तुह्यापेक्षा चांगली खेळली असती."

"हाव," नाजिश म्हणाली.

"तुले माहीत होतं?"

"पहिलेपासून माहीत होतं."

सफानं मान हलवली. जीप सुरू झाली. दवाखान्यापाशी उतरताना सफानं काठी न घेता तिच्या खांद्यावर हात ठेवला.

श्रावणात नाजिश घरी असताना गल्लीतली केसरबाई आली. तिचा नवरा भाऊराव कोरडवाहू तुकडा कसायचा. केसरबाई दारातच बसली, पाणी दिलं ते प्यायली नाही. म्हणाली, दुकानदार दुसरंच औषध देत होता, पण आम्ही म्हटलं गनीभाईच्या पोरीचा फोटो आहे तेच दे, आपल्या गावची पोर खोटं कशाला सांगेल. काल फवारलं आणि आज सकाळपासून माणूस ओळख देत नाही, बुलढाण्याला नेलाय, मशीन नाही म्हणतात. तिच्या बोलण्यात नाजिशवर राग नव्हता. राग असता तर नाजिशला सोपं गेलं असतं.

"तू फोन केला तं बेड भेटते म्हणतात बाई," केसरबाई म्हणाली. "सफाले भेटला होता. एक फोन कर."

नाजिशनं विहंगला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं, बघतो म्हणाला. तिनं परत केला. साहेब परदेशात आहेत म्हणाला. तिनं परत केला, तेव्हा त्यानं उचलला नाही. केसरबाई सबंध दुपार तिच्या तोंडाकडं बघत बसून होती. जहांआरानं तिला जवळ घ्यायचा प्रयत्न केला, पण तिला त्या फोनपासून हलायचं नव्हतं. दिवस मावळायच्या आत बुलढाण्याहून निरोप आला. भाऊराव गेला.

महिनाभरानं चिखलीत नाजिशचा सत्कार ठेवला होता. खर्च कंपनीचा, मांडव कृषी केंद्रवाल्यांचा, समोर शेतकरी आणि शाळांच्या पोरी. पद्मजा मॅडम पहिल्या रांगेत. सफाला खुर्ची दिली होती, काठी तिच्या मांडीवर आडवी. हारतुरे झाले, भाषणं झाली, आणि नाजिशला बोलायला सांगितलं. विहंगनं लिहून दिलेले चार शब्द तिच्या हातात होते.

ती माईकपाशी उभी राहिली. माईक तिला फार खाली पडला, तो कुणी वर केला नाही, म्हणून तिनं हातात घेतला.

"तिकडं माहा फोटो लागला आहे," ती म्हणाली. "थे औषध मी कधी मारलं नाही. मले त्यातलं काही समजत नाही. माह्या बहिणीनं असंच काही मारलं त्याले वर्षभर झालं, तिचे पाय गेले. मले बोलू नको म्हटलं होतं, मी नाही बोलली. मी बोलली असती तं भाऊराव काकांनी थे आणलं नसतं. माह्या फोटोवर भरोसा ठेवून कोनी काही मारू नका."

तिनं माईक खाली ठेवला.  निवेदक उठून घाईघाईनं आभार मानू लागला. मांडवातून बाहेर पडताना एक म्हातारा शेतकरी तिच्याजवळ येऊन थांबला, आणि हात जोडून गेला.

करार त्याच आठवड्यात रद्द झाला, वर नोटीस आली. दुसऱ्या संघांनाही अशी खेळाडू नको होती. उद्या आपल्याबद्दल काही बोलली तर? त्या वर्षीची लीग तिनं भालचंद्र काकांच्या घरात टीव्हीवर बघितली, आणि अर्ध्या सामन्यातून उठून मैदानावर गेली. पंचविशीला आलेल्या खेळाडूचं एक वर्ष वाया जाणं म्हणजे काय ते तिला कळत होतं. सकाळी उठलं की गुडघा दुखायचा. कधी रिंगखाली उभं राहून तिला वाटायचं की आता सगळं संपलं, आणि आपण हे ओढवून घेतलं. मग चेंडू यायचा आणि पाय आपोआप जागेवर जायचे. पद्मजा मॅडमना आता पळवत नव्हतं. त्या कडेला खुर्ची टाकून बसायच्या आणि तिथून तिच्या चुका सांगायच्या.

बोलावणं आलं ते चेन्नईहून. तिथल्या संघाची सेंटर ऐन हंगामाच्या तोंडावर जायबंदी झाली आणि त्यांना तातडीनं कुणीतरी उंच हवं होतं. मोबदला निम्मा, करार एका हंगामाचा. ती गेली. तिथं पहिले सामने बाकावर काढले, मग तिला मैदानावर सोडलं, आणि तिथून पुन्हा तिला कुणी बाहेर बसवलं नाही. पुढच्या वर्षी ती देशाच्या संघात आली, त्याच्या पुढच्या वर्षी कर्णधार झाली. चेन्नईच्या रस्त्यावर पोरी तिच्या नावाची जर्सी घालून फिरतात. साखरखेर्ड्यात अब्दुल गनीला आता औषधाची ददात नाही, आणि सफाला पायात घालायला चांगले पट्टे मिळालेत. सफा घरातल्या घरात थोडं चालते. दुसऱ्याच्या शेतात जात नाही.

पण श्रावण-भादव्यात नाजिशचा फोन वाजायला लागतो. संग्रामपूरहून, मेहकरहून, कुठल्याकुठल्या गावांहून. ज्यांना ती ओळखत नाही अशी माणसं रडत सांगतात की फवारताना पडला, बेड नाही, तुम्ही सांगितलं तर मिळेल. एकदा सामना सुरू व्हायला काही मिनिटं उरली होती आणि ती कपडे बदलायच्या खोलीत बुटाची नाडी एका पायाची बांधून, दुसऱ्याची तशीच सोडून अकोल्याच्या कुणा डॉक्टरशी बोलत होती. प्रशिक्षक दारात येऊन गेला, दोनदा आला. ती हातानं थांबा म्हणाली. कधी बेड मिळतो. बहुतेक वेळा मिळत नाही, आणि मग त्या घरचा माणूस पुन्हा फोन करून सांगतो की गेला. ती ऐकून घेते, नाव विचारते, आणि मैदानावर जाते. त्या दिवसांत ती फोन बंद करत नाही.